अखंड दांडा

६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद घे आणि लगेच कामाला लाग, कारण मी कामासाठीच लिहितेय. फोन केला असता, पण तुझ्या फोनमागे कायम करवत चालू असते आणि बाबा पलीकडून "कोण आहे? काय म्हणते?" करत राहतात. हे बाबांच्या कानावर जायला नको आहे.

तर प्रश्न असा. गिटारच्या दांड्याला खुंट्यांच्या माथ्याखाली सांधा असेल, तर तो मागच्या बाजूनं दिसू नये म्हणून काय करतात? नुसता दिसू नये इतकंच नाही, हातालाही लागू नये. बाबांसारखा माणूस डोळे मिटून अंगठा फिरवील, तरी कळता कामा नये. तू हे काम कधी केलं आहेस का? कारखान्यात जन्म काढलास म्हणजे ठाऊक असणारच, असं धरून चाललेय.

इकडे सगळं ठीक. क्लासला सध्या नऊ जण येतात, त्यातले सहा आईच्या धाकानं येतात. तुझे भाऊजी मजेत. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची भिंगं घासतात आणि घरी आले की स्वतःचा चष्मा शोधतात.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार राहू दे बाजूला. आधी सांग, तुला कुणी सांगितलं?

तुझं पत्र मी मागच्या खोलीत शिकंज्याला टेकून तीनदा वाचलं, मग उठून दार लावून घेतलं. "बाबांसारखा माणूस अंगठा फिरवील." इतकं आडून बोलायला कधीपासून शिकलीस? तिकडे आपली एखादी गिटार कुणाच्या हातात पाहिलीस का?

बरं, चोराच्या मनात चांदणं म्हण हवं तर. कबूल करतो. गेली अडीच वर्षं आपल्याकडून जे दांडे बाहेर पडतात ते अखंड नाहीत. माथा वेगळा कापून चिकटवलेला असतो. आतल्या चिठ्ठीवर मात्र अजून बाबांच्या वेळचेच शब्द आहेत: 'एका लाकडाचा अखंड दांडा'. मी काय करू? माथा मागे झुकलेला, म्हणजे अखंड कापायचा तर चार बोटं जाड फळी लागते आणि तशी फळी आता वखारीत येतच नाही. सगळ्यात चांगली आली होती तिची तुझी गिटार झाली. तुला अखंड फळी आणि मला उरलेले तुकडे, हे आपल्या घरात लहानपणापासून चालत आलंय.

आणि खरं सांगू? सांध्याचा दांडाच जास्त मजबूत असतो. अखंड फळीतून तिरका माथा कापला की लाकडाच्या रेषा तिथे आखूड पडतात, आणि मोडायचा झाला तर दांडा नेमका तिथेच मोडतो. सांध्यात रेषा दोन्हीकडे लांब राहतात. पण हे बाबांना सांगणार कोण? "तू मला शिकवणार?" एवढं ऐकायला मी कशाला जाऊ!

आता विचारलंच आहेस तर ऐक. फळी तिरकी कापायची, कापलेला तुकडा उलटा करून त्याच उतारावर चिकटवायचा. दोन्ही भाग एकाच फळीचे, म्हणजे रंग जुळतो. दोन्ही तोंडं रंध्यानं अशी सपाट करायची की एकावर एक ठेवून खिडकीशी धरली तर मधून उजेडाचा धागाही दिसू नये. सरस गरम आणि पातळ हवा. पुढून सांधा बोटांच्या पट्टीखाली जातो, माथ्याच्या तोंडावर काळ्या लाकडाचा पातळ पापुद्रा बसतो. मागूनही तसाच एक पापुद्रा माथ्यावरून खाली वळवत आणायचा, सांध्याच्या बोटभर पुढे न्यायचा आणि घासत घासत तिथे संपवायचा. रंग लावून लपवायला जाऊ नकोस. नवशिके तिथेच फसतात. रंग सांध्यात जास्त मुरतो आणि रेघ काजळ घातल्यासारखी उठून दिसते. रेषेला रेष लागली तरच सांधा लपतो.

बाबा आठवड्यातून दोनदा कारखान्यात येतात. डोळे मिटून दांड्याच्या टाचेपासून माथ्यापर्यंत अंगठा नेतात आणि "हं" म्हणतात. अजून एकदाही अंगठा अडलेला नाही. याचा आनंद मानू की वाईट वाटून घेऊ, मला कळत नाही.

आता बोल. कुणी सांगितलं?

बारक्या

ता. क. ३० मेला बाबांना ऐंशी पूर्ण होतात. सगळ्यांना बोलावलंय. तू आणि भाऊजी दोन दिवस आधी या.


२८ फेब्रुवारी

वेड्या बारक्या,

कुणीही, काहीही सांगितलं नव्हतं! मी एक साधा प्रश्न विचारला आणि तू अडीच वर्षांचा कबुलीजबाब पाठवलास. तुला कुणी चोरीला सोबत नेऊ नये. रस्ता विचारणाऱ्यालाही तू मुद्देमाल काढून दाखवशील.

तुझं गुपित माझ्यापाशी राहील. पण चिठ्ठीवरचे शब्द तरी बदल रे. ते वाचून मला बरं वाटलं नाही.

माझं कारण अगदी साधं आहे. क्लासमधल्या एका मुलीची गिटार स्टँडवरून पडली आणि माथ्याखाली मोडली. घरी कळलं तर तिला ओरडा बसेल. इथला सुतार दारं-खिडक्या करतो, त्याच्याकडे दिली तर बिजागरी लावून देईल. म्हणून मीच बसलेय. अठरा वर्षं बाबांच्या पायाशी बसून सरस ढवळलाय, तेवढं यायला हवं. हे चिमट्यानं कुसळं धरतात, मी चिकटवते. मोड बसली चांगली. पापुद्राही तू सांगितलास तसा लावीन.

फक्त एक अडचण आहे. मोडीच्या खाली, दांड्याच्या पाठीवर, एक आडवा खड्डा पडलाय. बोटाच्या रुंदीचा. पापुद्रा तिथपर्यंत पोचत नाही. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, अर्धा वर आला, अर्धा तसाच. त्याचं काय करू?

३० मेचं बघते. तेव्हा क्लासच्या परीक्षा असतात. आणि आले तर गिटार आणायलाच हवी का? गाडीत फार गर्दी असते.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी शीळ घालत काम केलं. बायको म्हणाली, लॉटरी लागली का.

खड्डा किती खोल आहे, दांड्याच्या कुठल्या भागात आहे, हे पाहिल्याशिवाय कसं सांगू? एक कर. दांड्याची मागची बाजू वर करून त्यावर पातळ कागद ताणून धर आणि मऊ पेन्सिल आडवी घासत ने. माथ्यापासून वीतभर खालपर्यंत. आपण लहानपणी नाण्यांचे ठसे घ्यायचो तसं. जे उंच ते काळं उमटेल, जे खोल ते पांढरं राहील. तो कागद पाठव.

आणि गर्दीचं कारण मला सांगू नकोस. बाबांनी गल्लीतल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलंय की मुलगी येणार आणि वाजवणार. येईल त्याला ऐकवतात, "माझी विद्या तिच्या बोटांत गेली." माझ्या बोटांत काय गेलं ते विचारायला मी अजून धजलेलो नाही. बहुधा कुसळं.

आई गेल्यापासून ते कशाचीच वाट पाहत नव्हते गं. या ३० मेची पाहतायत. तेवढं कर.

बारक्या


२० मार्च

बारक्या,

ठसा सोबत आहे. पाहून लवकर कळव, मुलगी मागे लागलीये.

मला ३० मेला जमेलसं दिसत नाही. बाबांना तू तुझ्या पद्धतीनं सांग.

ताई


२९ मार्च

ताई,

ही कुठल्या मुलीची गिटार नाही. ही तुझी आहे.

कागद खिडकीवर चिकटवला आणि बघतच राहिलो. माथ्यामागचा उंचवटा डावीकडे बसका आहे. तो तसा मी केला. मी एकोणीस वर्षांचा होतो, बाबा जेवायला गेले होते आणि मला एकदा तरी तुझ्या त्या लाडक्या गिटारला हात लावायचा होता. कानस घेतली आणि ती घसरली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसा वाकडा उंचवटा दुसऱ्या कुठल्या गिटारला असणं शक्य नाही.

दुसरी गोष्ट. मी आपली एक गिटार फरशीवर उताणी ठेवली. जमिनीला टेकते ती पेटीची पाठ आणि माथ्याचं टोक. मधला दांडा अधांतरी राहतो. तुझ्या खड्ड्याच्या जागी मी हात घातला, चार बोटं आरपार गेली. तिथे जमीन पोचतच नाही, ताई. तो खड्डा कसल्यातरी धारेचा आहे, टेबलाच्या नाहीतर चौकटीच्या. गिटार पडलेली नाही. कुणीतरी ती दोन्ही हातांनी उचलून आपटली आहे. तीस वर्षं मी मोडकी वाद्यं दुरुस्त करतोय, पडणं आणि आपटणं मला वेगळं ओळखता येतं.

कुणी आपटली? घरात तुम्ही दोघंच. तू स्वतःचं डोकं फोडून घेशील पण त्या गिटारला ओरखडा येऊ देणार नाहीस. म्हणून सरळ विचारतो, आणि विचारताना मला लाज वाटते: भाऊजी तुझ्यावर हात टाकतात का?

बारक्या


१४ एप्रिल

भाऊजी,

ताईला पत्र लिहून सोळा दिवस झाले. उत्तर नाही. फोन केला तर "दाराशी कुणीतरी आलंय" म्हणून ठेवून दिला. दोनदा केला, दोन्ही वेळा दाराशी कुणीतरी आलं.

मला गोलगोल बोलता येत नाही. तिची गिटार तुम्ही मोडलीत का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. तुमच्या लग्नात तुमचा जोडा मी लपवला होता आणि तुम्ही हसत हसत दिवसभर अनवाणी फिरला होतात. त्या माणसाला हे विचारावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बारक्या


२१ एप्रिल

स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. गिटार माझ्या हातून मोडली. रागाच्या भरात झालं. यापुढे तिला याबद्दल काही विचारू नये, तिला त्रास होतो. बाबांना कळवू नये, ही कळकळीची विनंती.

बाबांचा चष्मा आता तीन वर्षांचा झाला. नंबर तपासून कळवलात तर भिंगं मी इथून करून पाठवीन. फ्रेम तीच राहू द्यावी, त्यांना तिची सवय आहे.

कळावे.


२७ एप्रिल

ताई,

भाऊजींनी कबूल केलं. त्यांच्या हातचं पत्र माझ्याकडे आहे.

बाबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जावई देवमाणूस मिळाला बघा मला." मी पटाशी टेबलावर आपटली. मग ते विचारत राहिले आणि मी सांगून बसलो.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. टेबलावरचा भुसा हातानं बाजूला केला, माझ्याकडून कागद मागून घेतला आणि तिथेच बसून भाऊजींना पत्र लिहिलं. पोस्टात मीच टाकलं. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, पण लिहिताना त्यांचा चेहरा पाहिला.

आता ३० मेची वाट बघू नकोस. पुढच्या रविवारी मी न्यायला येतो. तुझी खोली आवरून ठेवलीय. बायकोनं नव्या चादरीसुद्धा आणल्या. क्लासबिस सगळं इथे काढता येईल. फक्त "ये" म्हण.

बारक्या


६ मे

बारक्या,

येऊ नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

बाबांचं पत्र मला यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं, कपडे धुवायला टाकताना. चार ओळी होत्या. "तुम्ही माझ्या मुलीवर हात उचललात. माणूस म्हणून तुम्ही माझ्यासाठी संपलात. मी मेलो तरी माझ्या दारात यायचं नाही. मुलगी आमची आहे, आम्ही नेऊ." तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन हा माणूस दुकानात गेला, जेवला, माझ्याशी शेजाऱ्यांच्या मांजरीबद्दल बोलला. मला एका शब्दानं कळू दिलं नाही.

गिटार मी मोडली. मी, माझ्या या दोन हातांनी.

गेल्या वर्षीपासून माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तारांवर ठेवली की आपोआप आत वळतात. दुखत नाही. सुजत नाही. भांडी घासते, वेणी घालते, सुईत दोरा ओवते, सगळं होतं. तारेवर ठेवली की मात्र गोगलगाय शिंगं आत घेते तशी आत जातात. तीन डॉक्टर केले. तिसरा म्हणाला, बोटांत दोष नाही, बोटं आणि मेंदू यांच्यात घोटाळा झालाय. वर्षानुवर्षं तेच काम बारकाईनं करणाऱ्यांना होतो. बरा होईल का, तर सांगता येत नाही म्हणाला. मुलांना मी आता तोंडानं सांगते आणि टाळ्या देते. त्यांना वाटतं बाई कडक झाल्या.

जानेवारीत एका दुपारी मुलं गेल्यावर मी बसले होते. बाबांनी पहिल्यांदा शिकवलेली धून, पोरसोरही वाजवतं ती. पंधरा वेळा लावली, पंधरा वेळा बोटं आत. सोळाव्या वेळी मी गिटार पेटीकडून धरून उचलली आणि खिडकीच्या लोखंडी चौकटीवर आपटली. मला माझा हात तोडायचा होता रे. हात तोडता येत नव्हता.

हे जेवायला घरी आले, दारात उभे राहिले, मला पाहिलं, गिटारला पाहिलं. चष्म्याचा चिमटा काढून जमिनीवर बसले आणि एकेक कुसळ उचलून भिंगांच्या डबीत ठेवायला लागले. मी त्याच दिवशी त्यांच्याकडून शपथ घेतली की माझ्या माहेरी हाताचं कुणाला कळू द्यायचं नाही. बाबा त्या बोटांच्या जिवावर जगतात असं तूच म्हणतोस. ऐंशीव्या वर्षी त्यांना हे काय म्हणून सांगू? ते वाजव म्हणतील म्हणून मी यायचं टाळत होते, आणि अंगठा फिरवतील म्हणून तुला सांधा कसा लपवायचा ते विचारत होते. तू यांना सरळ विचारलंस आणि शपथ पाळायला त्यांच्यापाशी एकच रस्ता उरला. त्यांनी मला न विचारता तो धरला. तुझं २९ मार्चचं पत्र आलं तेव्हाच मी लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, आणि दोष माझा आहे. ती भीती नव्हती, अहंकार होता.

तुझा सांध्याचा दांडा असता तर मोडलाही नसता कदाचित. तेवढं तुझं खरं.

हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. फक्त त्या सांध्याची ओळ तुला हवी तर गाळ. बाकी एक शब्द गाळायचा नाही.

ताई


१४ मे

ताई,

वाचून दाखवलं. दोनदा.

बाबा म्हणाले, "तिच्याकडून लिहून घेतलंय."

मी म्हटलं, बाबा, अक्षर तिचं आहे, बोलणं तिचं आहे. तर म्हणाले, "अक्षर तिचंच असणार. शेजारी कोण बसलं होतं ते कागदावर दिसतं का? ती भांडी घासते, दोरा ओवते, सरस लावते आणि फक्त गिटारवर बोटं वळतात? असला आजार मी ऐंशी वर्षांत ऐकला नाही. नवऱ्याला वाचवायला बायका काय वाटेल ते बोलतात. तुझी आत्या नाही का सांगायची, न्हाणीत पाय घसरला म्हणून? दर महिन्याला घसरायची."

आत्याचं आपल्याला सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच काही केलं नाही, हेही.

माझं विचारशील तर मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा आहे. पण फेब्रुवारीत तू मला मुलीची गोष्ट सांगितलीस, तीही मी अशीच मानली होती. मग भाऊजींचं पत्र आलं, तेही मानलं. आता हे तिसरं. मी काय तोलून पाहू? खड्डा कसा पडला ते मला बरोबर कळलं, कुणी पाडला ते लाकडावर लिहिलेलं नसतं.

बाबा भाऊजींच्या पत्रातली चष्म्याची ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावतात आणि म्हणतात, "बघ, किती पोचलेला आहे." माझं डोकं चालेनासं झालंय.

बारक्या


१९ मे

बारक्या,

३० तारखेला येतेय. एकटी, कारण यांना तुमचं दार बंद आहे.

गिटार घेऊन येते. मागचा पापुद्रा काल पटाशीनं सोलून काढला. मोड दिसते ती दिसू दे.

बाबांना सांग, मी वाजवीन. सगळ्यांसमोर.

ताई


२ जून

भाऊजी,

ताई उद्याच्या गाडीनं निघतेय. हे पत्र तिच्याच हाती देतोय, पण आधी तुम्ही वाचावं अशी इच्छा आहे. ती काय झालं ते नीट सांगणार नाही. तिला स्वतःचं सांगता येत नाही, हे आता आपल्या दोघांनाही पुरेसं कळलंय.

तीस तारखेला घरात चाळीसेक माणसं होती. बाबांची खुर्ची मधोमध. ताईनं गिटार काढली तेव्हा मोड पाहून कुजबुज झाली. बाबांनी मोडीकडे पाहिलंही नाही, तिच्या अंगावर कुठे काही खूण दिसते का ते पाहत होते. ती धून लावायला बसली. मला वाटतं तिनं मुद्दामच तीच निवडली. पहिली ओळ कशीबशी गेली आणि दुसरीत ती दोन बोटं आत वळली. लोकांना वाटलं विसरली. आत्यानं टाळीनं ठेका धरला, तिला आधार द्यायला. ताई थांबली नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बोटं आत. सूर असे निघत होते की ऐकवत नव्हतं, भाऊजी. तिची मान खाली आणि कान लाल. लहान मुलं हसायला लागली. मी "पुरे" म्हणायला उठलो तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसलो.

ती चौथ्यांदा सुरू करणार तोच बाबा उठले. काठी न घेता उठले. तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि तिचा डावा हात तारांवरून उचलून आपल्या हातात घेतला. बोटं सरळ केली. सहज सरळ झाली. तो हात त्यांनी परत तारांवर ठेवला, आणि बोटं आत गेली. पुन्हा उचलला, सरळ. पुन्हा ठेवला, आत. किती वेळा केलं कुणास ठाऊक. बाबा बोटांकडे असे बघत होते जसे एखाद्या फळीला कुठे पीळ आहे ते बघतात.

मग ते म्हणाले, "हे मारल्यानं होत नाही."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, ताईला कळलं. ती रडायला लागली आणि बाबांनी तिचा हात सोडला नाही. सगळे जेवायला गेले तरी दोघं तशीच बसली होती. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा बाबा विचारत होते, "कधीपासून?" आणि "मला का नाही?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती देत नव्हती. उत्तर तिच्यासमोर स्टुलावरच बसलं होतं.

आता माझं. मी तुमची माफी मागतो. मी लाकडावरची खूण वाचली आणि माणूस वाचायचा विसरलो. तुम्ही खोटं बोललात, तेही इतक्या साधेपणानं की मी क्षणात मानलं. मी एवढं चटकन का मानलं, याचा विचार मी तीन दिवस करतोय आणि जे उत्तर येतं ते चांगलं नाही. ताईचं सगळं नेहमी अखंड असतं, तिचं काहीतरी मोडलं हे ऐकायला मनातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी तयारच बसलो होतो. हे फक्त तुम्हाला सांगतोय. सांध्यांचं बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन. या आठवड्यात त्यांच्यावर आणखी काही घालायला मन धजत नाही.

बाबांचा नंबर तपासून आणला, चिठ्ठी सोबत आहे. फ्रेम तीच ठेवायची म्हणतात.

काल सकाळपासून ते तुम्हाला पत्र लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. दुपारी जेवायला बोलवायला गेलो तर चौथा कागद पुढे होता आणि पेनाला टोपण लावलेलं. "पुढचं तू लिही," म्हणाले. मी म्हटलं, माझं मी वेगळं लिहितोय, तुमचं तुम्हीच लिहा. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तर मग एवढंच पाठव."

तो कागद या पाकिटात आहे. वर 'चि. जावईबापूंस' असं लिहिलंय आणि पार तळाशी त्यांची सही आहे. मधे काही नाही.

बारक्या